गज आत जाईना

पडद्याचा गज. कुंभारीण माशीची माती. दातांनी फाडलेली चिंधी. लालबुंद पट्टी. सत्यमचा डावा डोळा.

मित्रांनो, मी एक जुनी ठासणीची बंदूक आहे आणि मला फार भीती वाटते.

जन्मापासूनच वाटते. लोहारानं तापलेली लोखंडी पट्टी सळईभोवती वेटोळ्यांनी गुंडाळली, सांधे ठोकून एकजीव केले. सळई काढून नळीत वळत्या खाचा कोरल्या. शेवटी दुप्पट दारू भरून मला झाडाला बांधलं आणि तो भिंतीआड लपला. सांधा फुटला नाही. पण ज्यानं घडवलं, त्यालाही माझं भय आहे, हे मला तेव्हाच कळलं.

पिशोर गावच्या फकिरा नावाच्या माणसानं मला बिबट्यासाठी ठासलं. आधी दारू, मग दातांनी फाडलेल्या चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी. नंतर तो तापानं गेला. मी भरलेलीच खुंटीवर राहिले. दर दसऱ्याला मला हळदकुंकू वाहिलं. ठासायचा गज मात्र घरच्यांनी पडद्याला लावला.

आज फकिराचा नातू राजेंद्र मला संभाजीनगरात सत्यम वेल्डरकडं घेऊन आला. नळी बुजवायची आणि दिवाणखान्यात टांगायची. त्याच्या बायकोनं, विशाखानं, आठवणीनं गज आणला होता. तिनं तो नळीत सोडला. चार बोटं बाहेरच राहिला. तिनं तो ओढून काढला.

"कुंभारीण माशीनं आत मातीचं घर केलं असंल," राजेंद्र म्हणाला. "तापव, माती झडंल."

"तापवतो की, भाऊ." सत्यमनं ज्योत पेटवली आणि नळीच्या तोंडाला डावा डोळा लावला.

मला ओरडता येत नाही.

विशाखानं गज नळीशेजारी धरून पाहिला. "अहो, गज नळीएवढाच आहे. टोकाला माती पण नाय. आजोबांनी ठासलेली असली तर?"

"लई वर्षं झाली. दारू काय त्यांची वाट बघत बसली व्हय?"

"बसली असंल. सत्यमभाऊ, आधी ज्योत बंद करा. तोंड बाजूला घ्या."

सत्यम हसला, पण त्यानं ज्योत विझवली. तिनं बाटलीतलं पाणी नळीत ओतलं. बऱ्याच वेळानं नळीच्या बुडाशी असलेल्या ठिणगीच्या भोकातून काळं पाणी गळलं. गंधकाचा वास आला.

सत्यमनं डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. "डोळा लावला होता मी, ताई."

गोळी अजून आत आहे. जाणकार येईपर्यंत मला भिंतीकडं तोंड करून ठेवलंय.

मित्रांनो, जुनी बंदूक रिकामी समजू नका. तिच्यासमोर उभे राहू नका.

ज्या बिबट्यासाठी फकिरानं मला ठासलं, तो त्या वर्षी पिशोरकडं फिरकलाच नाही.