डोकं कुठल्या बाजूला?

मी मायक्रोस्कोप बोलतोय. पूर्वी खिडकीजवळच्या टेबलावर असलेला, काळा, एका डोळ्याचा. लोक इतकी वर्षं माझ्यात डोळा घालून बघत आलेत, पण मला कधी कोणी काही विचारलं नाही. आज न विचारताच सांगतो, कारण आता माझ्याने गप्प राहवत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मला जोडणाऱ्या कारागिराने शेवटची तपासणी म्हणून माझ्याखाली एक छापील अक्षर ठेवलं, डोळा लावला आणि शेजारच्याला म्हणाला, "उलटं दिसतंय. म्हणजे ठीक आहे. भर खोक्यात." माझ्यातून डावीकडचं उजवीकडे दिसतं आणि वरचं खाली. तो माझा दोष नव्हे, माझी ठेवणच तशी आहे. निदान मला तरी कारागिराचं बोलणं असंच आठवतं. इतक्या वर्षांच्या आठवणीवर किती विसंबायचं, हा प्रश्न आहेच.

खोक्यातून निघालो तो थेट सरांच्या हातात पडलो. सर तेव्हा तरुण होते, आणि माश्यांच्या गर्भांमागे लागले होते. हो, माश्यांच्याच. पिकल्या केळ्याभोवती घोंघावणारी ती फळमाशी. तिचं अंडं तांदळाच्या कणीहून लहान. पण अंडं घालण्याआधीच आई त्याच्या एका टोकाला एक निरोप ठेवून देते: डोकं इथे. त्या टोकाला निरोप दाट, पुढे विरळ विरळ होत जातो. आपल्यापर्यंत तो किती पोचला यावरून प्रत्येक पेशी ठरवते की आपण डोकं व्हायचं, छाती व्हायचं की पोट. मी हे हजारो वेळा पाहिलंय आणि अजून मला ते पुरतं कळलेलं नाही. सरांना कळलं होतं. निदान ते तसं म्हणायचे.

हा निरोप लिहिणारं एक जनुक असतं. सरांनी आयुष्य त्या एका जनुकावर घालवलं. "जगातली कुठलीही माशी घ्या," ते भाषणात टेबलावर बोट आपटून सांगत, "डोक्याचा निरोप हेच जनुक लिहितं." बोटाचा दणका मला बसायचा. भाषणाची तालीम माझ्यासमोरच चालायची ना.

सरांची एक सवय होती. साध्या भिंगाखाली ते गर्भ काचपट्टीवर ओळीने चिकटवत आणि सगळ्यांची डोकी डावीकडे ठेवत. मग पट्टी माझ्याखाली येई आणि माझ्यात डोकी उजवीकडे दिसत. फळमाशीच्या बाबतीत यात काही बिघडत नव्हतं. तिच्या गर्भाचा आकारच असा असतो की डोक्याचं टोक आंधळ्यालाही कळेल. सर डोकं बघत आणि वहीत ते डावीकडे काढत. आपण चित्र उलटवतोय, हे त्यांच्या हाताला माहीत होतं. त्यांच्या स्वतःच्या डोक्याला विचारायची वेळच आली नाही. अडतीस वर्षं!

मग चिलटताई आली.

हे नाव तिला मावशींनी ठेवलं. मावशी म्हणजे आमच्याकडे माश्यांचं खाणं शिजवणाऱ्या आणि काचा धुणाऱ्या बाई. चिलटताई ही सरांची शेवटची विद्यार्थिनी. सगळे फळमाशीवर काम करत असताना हिने मोरीच्या जाळीभोवती उडणारी चिलटं पकडली, तीही माश्यांच्याच कुळातली. आणि चिलटांमध्ये सरांचं जनुक तिला सापडेना.

"नाहीच आहे, सर. तीन वर्षं शोधतेय."

"नाही असं नसतं. तुला सापडलं नाही, असं म्हण."

"बरं, मला सापडलं नाही. पण मग यांना डोकं कसं येतं?"

"ते तू सांगायचंस. प्रबंध तुझा आहे."

ती सांगत होतीच. तिचं म्हणणं असं, की चिलटाच्या पूर्वजांत कधीतरी एका जुन्याच जनुकाची दुसरी प्रत तयार झाली. एक प्रत आपलं ठरलेलं काम करत राहिली. दुसरी रिकामी होती, तिने हे डोक्याचं काम उचललं. "तुमचं जनुकसुद्धा असंच मागाहून आलेलं आहे, सर," असंही ती एकदा बोलून गेली. त्या दिवशी सरांनी चहा अर्धा टाकला.

सिद्ध करायची गोष्ट एकच होती. ताज्या अंड्यात त्या नव्या जनुकाचा निरोप डोक्याच्या टोकाला दिसायला हवा. परीक्षक शुक्रवारी यायचे होते. प्रबंधातलं हे प्रकरण राहिलं तर तो उभा राहणार, काढलं तर तीन वर्षं मातीत. आणि प्रकरणावर सही सरांची.

मंगळवारी सर म्हणाले, "मी स्वतः बघतो." चिलटांची अंडी चिकट माळेत असतात आणि माळेत सगळ्यांची डोकी एकाच बाजूला. सरांनी ती क्रमाने सोडवून पट्टीवर लावली, डोकी अर्थात डावीकडे. निरोप असेल तिथे निळा रंग चढेल, अशी सोय केली. मग पट्टी माझ्याखाली आली.

चिलटाचं कोवळं अंडं दोन्ही टोकांनी सारखं गुळगुळीत. बघून काही कळायची सोय नाही. सरांनी डोळा लावला आणि दिसलं तसं वहीत काढलं.

"उजवीकडे आहे रंग," ते म्हणाले. "डोकी मी डावीकडे लावलीत. म्हणजे हा शेपटीचा निरोप."

"शेपटीचा? नक्की, सर?"

"अडतीस वर्षं बघतोय मी यातून. प्रकरण काढून टाक."

अहो, मी उलटं दाखवतो! मी काय करू? मला हात नाहीत, तोंड नाही, आहे तो एक डोळा, आणि तोही दुसऱ्यांच्या कामाला. एवढा शिकलेला माणूस, एवढी पुस्तकं, आणि ही एवढीशी गोष्ट!

चिलटताई रडली नाही. तिने सरांनीच तशी लावलेली दुसरी पट्टी उचलली आणि मोठ्या खोलीतल्या नव्या मायक्रोस्कोपवर नेली. त्याला पडदा आहे, आणि तो चित्र सरळ करूनच दाखवतो. रंग डावीकडे दिसला. ती धावत आली.

"त्या यंत्राचं मला सांगू नकोस," सर म्हणाले. "ते चित्र आपल्या मनाने फिरवतं."

खरंय, फिरवतं. पण सरळ करायला फिरवतं! आणि तरी, खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी मलाही शंका आली. माझ्या भिंगात एका कडेला बुरशी धरलीय. पडदावाला तरुण आहे, स्वच्छ आहे. कदाचित कारागीर वेगळंच काही म्हणाला असेल. इतकी वर्षं मी तरी कोणत्या खात्रीने बोलतोय?

बुधवारी सकाळी सर लवकर आले. तीच पट्टी लावून बसले. झोप झालेली दिसत नव्हती. मावशी टेबल पुसत होत्या.

"मावशी, माझे दोन्ही हात गुंतलेत. ही पट्टी जरा डावीकडे सरकवा."

मावशींनी सरकवली.

"डावीकडे म्हटलं!"

"डावीकडेच सरकवली की."

"मला उजवीकडे गेलेली दिसतेय, मावशी."

"तुमच्या यंत्रात ती नेहमी उलटीच पळते. रोज पुसताना बघते मी. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

 सरांनी वर्तमानपत्राचा एक कोपरा फाडला, एक अक्षर माझ्याखाली ठेवलं आणि डोळा लावला. कॉलेजात आलेल्या मुलांना पहिल्या दिवशी हाच प्रयोग देतात. सरांनी स्वतः तो कित्येक वर्षं शिकवला होता. ते बराच वेळ डोळा काढेनात. माझ्या भिंगाच्या कडेला ओल आली.

चिलटताईला बोलावणं गेलं. तिने बघितलं, पण तोंडावर काही दिसू दिलं नाही.

"होतं असं, सर. तुम्ही थकला होतात."

"थकलो नव्हतो. माझं जनुक नसेल तर दुसरं असूच नये, असं मला वाटत होतं." ते खुर्चीत बसले. "म्हणजे माझा नियम गेला."

"डोकं तर प्रत्येक माशीला आहेच, सर. निरोप देणारा तेवढा बदलला."

"बदलला म्हणे!" मावशी फडकं पिळत म्हणाल्या. "माझ्याआधी इथे माझी सासू खाणं शिजवायची. माश्यांना पत्ता तरी लागला का?"

सर हसले. हसताना त्यांना खोकला आला. मग त्यांनी प्रकरण मागून घेतलं. पहिल्या पानावर 'कुठल्याही माशीत' हे तिने उतरवून घेतलेले आपलेच शब्द खोडून 'काही माश्यांत' असं लिहिलं. तळाशी एक टीप घातली: मंगळवारचं निरीक्षण चुकीचं, बाजू ओळखण्यात माझी चूक झाली. त्याखाली सही केली. शुक्रवारी परीक्षकांनी त्या टिपेवर बोट ठेवलं, तेव्हा चिलटताईने उत्तर द्यायच्या आत सरच म्हणाले, "ते मला विचारा."

प्रबंध मंजूर झाला. सर निवृत्त झाले. माझं टेबल चिलटताईने नव्या यंत्राला दिलं, आणि मला त्याचा राग नाही. फारसा नाही. मी आता पहिल्या वर्षाच्या वर्गात असतो. माझ्या मानेवर सरांच्या अक्षरातली चिठ्ठी आहे: 'यातून उलटं दिसतं.' मुलं ती वाचत नाहीत. पट्टी भलतीकडे पळाली की मलाच थापट मारतात, "बिघडलाय वाटतं!" बाळांनो, मी बिघडलेलो नाही. थापट मारण्याआधी मानेवरची चिठ्ठी तेवढी वाचा. एवढंच मागणं आहे.

सर अधूनमधून येतात. माझ्यासमोर बसतात, पट्टी लावतात, आणि काहीही बघण्याआधी ती एकदा डावीकडे सरकवतात. चित्र उजवीकडे जातं. सर मान हलवतात, आणि मग कुठे नीट बघायला लागतात.