अळीच्या पोटातली आच

"पंप खाली ठेवा, भावजी. आज माझ्या बांधाच्या आत थेंब पडायचा नाय."

पाठीवरचा पंप सावरत जगन बांधावरच थबकला. दरसाल तो आधी आपल्या वालावर औषध मारी आणि मग विधवा भावजयीच्या, कृष्णाबाईच्या, शेतात उतरे. विचारायची रीत नव्हती.

"वयनी, अळी लागलीय. वर अंडी घातल्यान. बघा, पाठ पांढरी झालीय तिची."

"अंडी नाय ती. अळीला आतून खाणाऱ्या माशीचे कोश हायत."

गेल्या साली तिनेही अंडीच समजून तसल्या अळ्या वेचून वेचून दगडाने ठेचल्या होत्या. वर दोनदा औषध झालं. तरी वाल गेला. बियाण्यापुरता जेमतेम पायलीभर हाती लागला, तो सगळा यंदा या शेतात होता. हे गेलं की घरचं बी संपलं. यंदा रोह्याजवळच्या अष्टमी गावाहून रिझवाना आली. रोह्याच्या कॉलेजात किड्यांचा विषय शिकवणारी बाई. तिने तसली एक अळी बाटलीत ठेवायला लावली. आठव्या दिवशी तांदळाच्या कण्यांसारख्या त्या कोशांतून मुंगीएवढ्या वीस गांधीलमाश्या निघाल्या, आणि आपण ठेचलेल्या अळ्या आठवून कृष्णाबाई दिवसभर जेवली नाही.

आजही रिझवाना शेतातच होती. जगन तिला म्हणाला, "मॅडम, माशीची पिल्लं आतून खातायत, तर अळी मरत का नाय लगेच?"

"माशी मरू देत नाही म्हणून," रिझवाना म्हणाली. "अंगात परकं अंडं पडलं की अळीचं शरीर पेटतं. प्राणवायूतूनच जळजळीत विष तयार करतं, अंडं जाळायला. माशी अंड्याबरोबर असा रस सोडते की ती आग मंदावते. आग भडकली तर अळीपण आतून जळेल. मग पिल्लं जगणार कशावर?"

"भात करपू नये म्हणून निखारे मागं ओढते मी, तसं गो," कृष्णाबाई म्हणाली. "एवढीशी माशी, पण चूल राखायची अक्कल हाय तिला. तुमच्या पंपाला हाय का, भावजी? तो अळीसंगं माशीबी मारतो."

जगन तापला. "मग बसा अळ्या पाळत! माझ्या वालावर मी मारणार. वारा तुमच्याकडं हाय, त्याला सांगा काय सांगायचं ते."

पंप सुरू झाला. पांढुरका फवारा बांधाकडे सरकू लागला. कृष्णाबाईने बसायला आणलेली गोधडी उचलली आणि आडवी धरून बांधावर उभी राहिली. रिझवानाने तोंडाला ओढणी बांधली नि दुसरं टोक धरलं.

"वयनी, येड लागलं का? हटा!"

"मारा तुमी. आमी हाव हितं."

जगन चार पावलं पुढे गेला की त्या दोघी गोधडीसकट चार पावलं सरकत. सगळा फवारा अडत नव्हता, कडेचा वाल ओला होत होता, तेही तिला दिसत होतं. ती सरकत राहिली. शेवटच्या कोपऱ्यापर्यंत गोधडी भिजून जड झाली. हात खाली आले नाहीत.