त्या घरचं पाणी

“बोल, काय सोडतीस?” खाजामियाँनी विचारलं.

“कारलं,” शिवकांता म्हणाली.

“कारलं तर समदा गाव सोडंल, बेटी. जीव तुटतो असं कायतरी सोड.”

शिवकांतानं सुस्कारा टाकला आणि वांगं सोडलं. भरलं वांगं म्हणजे तिचा जीव की प्राण. पण विंचवाचा मंत्र घ्यायचा तर आवडीचं काहीतरी जन्मभरासाठी सोडावं लागतं.

तेर गावात विंचू उतरवावा तो खाजामियाँनीच. सायकलीचं पंक्चर आणि माणसाचा विंचू, दोन्ही त्यांच्याच टपरीत निघायचे. पण यंदा त्यांचे पुढचे दात पडले, आणि दात पडलेल्या तोंडातून मंत्र चालत नाही. दुसऱ्याला देता तेवढा येतो. कवळी लावून चालेल का, असं कुणीतरी विचारलंही. “कवळी डाक्टरची, मंतर उस्तादचा. जमत न्हाय,” म्हाताऱ्यानं निकाल दिला.

घ्यायला मात्र कुणी पुढं येईना. पैसा घ्यायचा नाही. बोलावणं आलं की भरल्या ताटावरून उठायचं, मग दारात वैरी का उभा असेना. मंत्र सुरू केला की आपल्या उंबऱ्यात परत येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. आणि ज्या घरचा विंचू उतरवला, त्या घरचं पाणी पुन्हा कधी प्यायचं नाही. यातलं एक जरी मोडलं तरी मंत्र गेला, आणि एकाला दिलेला मंत्र खाजामियाँना दुसऱ्यांदा देता येत नव्हता. असला आतबट्ट्याचा धंदा शहाणं माणूस कशाला करील?

शिवकांता करणार होती. नवरा गेल्यावर घराला लागून असलेली पिठाची गिरणी तिनं एकटीनं चालवली, झिजल्या दगडाला छिन्नीनं टाकीही स्वतःच लावली. गावाला तिचं पीठ चालायचं, फक्त शुभकार्यात ती चालायची नाही. आपल्याला कुणीतरी धावत बोलवायला यावं, एवढीच तिची हौस होती. आणि तिनं एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी ऐकायची नाही.

शेजारच्या घरी तिची थोरली जाऊ राहायची, सारजाबाई. पुतणीच्या, गिरिजाच्या हळदीला शिवकांता वाटी घेऊन पुढं झाली, तेव्हा सारजाबाईनं चारचौघींत तिच्या हातातली वाटी काढून घेतली होती. गिरिजाला शिवकांतानं अंगाखांद्यावर वाढवलेलं. ती तिथून उठली ती मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगूनच उठली, “तुम्ही आपल्या हातानं तांब्या दिल्याबिगर या घरचं पाणी पिनार न्हाय, जाऊबाई!” तेव्हापासून दोन घरांत बोलणं नव्हतं. बाहेरून शिवकांता ताठ होती. आतून मात्र त्या तांब्याची वाट बघत होती.

खाजामियाँना भीती होती ती तिच्या तोंडाची. म्हणून आधी रोज सकाळी गिरणीत मुकं राहायची तालीम. एरवी दळणापेक्षा शिवकांताचाच आवाज जास्त, त्यामुळं बायका हबकल्या. दळणाला आलेल्या द्वारकाबाईंनी तर मीठ-मोहऱ्या आणून तिची दृष्टच काढली. तेही तिनं मुकाट काढून घेतलं.

दिवाळीत सूर्याला ग्रहण लागलं, तेव्हा तेरणेच्या पात्रात छातीभर पाण्यात उभं राहून तिनं मंत्र म्हटला. खाजामियाँ काठावर बसून होते. ती कुडकुडत बाहेर आली तेव्हा म्हणाले, “दात वाजाय लागलेत म्हंजे दात हायत. मंतर बसला. आता शेवटचं ऐक. आधी रिक्षा सांगायची, मग मंतर म्हनायचा. दवाखान्याला आडवं जायाचं न्हाय.”

पहिलं बोलावणं आलं चैत्रात, भर दुपारी. शिवकांता जेवायला बसली होती. दारात सारजाबाई उभी होती, डोक्यावरचा पदर खाली आलेला.

“शिवकांते, गिरजाला इच्चू चावला गं. सरपनाच्या तुराट्या काढताना. लई वरडतीया.”

शिवकांताचा घास हातातच राहिला. गेलं की त्या घरचं पाणी संपलं, जन्मासाठी. हे तिला लख्ख कळलं. पण हात तोवर धुवून झाला होता.

“रिक्षा सांगा आधी,” ती म्हणाली. “दवाखान्यात न्यायचंच हाय. तवर म्या बसते.”

चार दिवस माहेरी आलेली गिरिजा ओसरीवर तळमळत होती. शिवकांतानं कडुलिंबाचा डहाळा घेतला आणि मांडीपासून पावलापर्यंत फिरवत मनात मंत्र सुरू केला.

“काकू,” गिरिजा हळूहळू म्हणाली, “आग खाली उतरली. घोट्यापाशी आली.”

मंत्रानं उतरली की काकूच्या हातानं, ते त्या विंचवालाच माहीत. रिक्षा आली आणि बाप लेकीला घेऊन दवाखान्यात गेला.

शिवकांता निघाली तेव्हा सारजाबाई समोर आली. हातात घासलेला तांब्या, त्यावर गुळाचा खडा ठेवलेली वाटी.

“घे,” ती म्हणाली. “हळदीला माझं चुकलं. किती डाव मनात आलं, पाय उचलंना.” मग नेम आठवून हलक्या आवाजात म्हणाली, “एक घोट घे. कुनाला कळनार हाय?”

कुणालाच कळणार नव्हतं. घशाला कोरड पडली होती. शिवकांताला ते पाणी हवं होतं, अगदी रडू येईल इतकं हवं होतं. तिनं तांब्या दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला, आणि दारातल्या जास्वंदीच्या बुडाशी सावकाश ओतला. रिकामा तांब्या जावेच्या हातात देऊन ती न बोलता आपल्या घरी आली. ताटातली भाकरी वाळली होती. तीच तिनं पाण्याबरोबर खाल्ली.

आता सारजाबाईचं दळण शिवकांताच्याच गिरणीत असतं आणि दोघींची तोंडं दळणाहून जोरात चालतात. रोज सकाळी सारजाबाई जास्वंदीला पाणी घालते, आणि घालून झाल्यावर तोच घासलेला तांब्या भरून आणून वेगळा ओतते. शिवकांता गिरणीच्या दारातून बघत राहते. ते पाणी मातीत जिरेपर्यंत ती गिरणी सुरू करत नाही.