बारसं राहिलेली

दर्शील झोळीत झोपला की घर माझं होतं आणि तो हलला की पुन्हा त्याचं. मधल्या वेळात एका हाताने झोळीची दोरी ओढायची आणि दुसऱ्या हाताने लॅपटॉपवर टाईप करायचं, असं माझं गेल्या दिवाळीपासून चाललंय. हे लिहितेय तेही तसंच. मधेच तुटलं तर समजून घ्या.

काम आप्पांनी दिलेलं. आप्पा म्हणजे माझे सासरे, म्हसावदचे भिकन पाटील. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. नवरा, योगेंद्र, धडगावकडच्या आश्रमशाळेत मास्तर आहे, शनिवारी येतो. बाकी घरात मी, दीर धर्मेंद्र आणि दर्शील. भाऊबंदांचा मेळावा ठरला आणि आप्पांच्या मनात आलं की मांडवाच्या तोंडाशी सगळ्या कुळाचं झाड मोठ्या फ्लेक्सवर लावायचं. धर्मेंद्रने वंशावळीचं सॉफ्टवेअर आणून दिलं आणि हात झटकले.

"वहिनी शिकेल शेतस," तो म्हणाला. "माले पपईवरला रोग इचारा."

सॉफ्टवेअर तसं गरीब. माणसाला एक चौकट, चौकटीत नाव, जन्म, मृत्यू, दहन किंवा दफन कुठे. बाकी काही भरलं नाही तरी चालतं, पण नावाची जागा रिकामी ठेवली की चौकट लाल होते आणि पुढे सरकू देत नाही. पुरुषांची नावं आप्पांना थेट त्यांचे पणजोबा भिला पाटील आणि त्यांच्याही बापापर्यंत पाठ होती. बायकांपाशी गाडी अडायची.

"भिला पाटलांच्या बायकोचं नाव काय, आप्पा?"

आप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "आम्ही ते मोठी आजीच म्हनूत."

"आणि त्यांच्या सासूबाईंचं?"

"तू पन बेटा, काय इचारस."

मग मी 'अज्ञात' लिहायला लागले. एक झाली, दुसरी झाली. लाल चौकट काळी व्हायची आणि काम पुढे जायचं. वरच्या पिढ्यांत नवऱ्यांच्या बाजूला नुसत्या अज्ञात बायका उभ्या राहिल्या.

अशाच एका दुपारी मी आमच्या चौकटीपाशी आले. योगेंद्र, रूपाली, खाली दर्शील. सॉफ्टवेअरने विचारलं, आणखी अपत्य जोडायचं का. ते सगळ्यांनाच विचारतं. माझं बोट 'हो'वर गेलं. नवी चौकट उघडली आणि नावाशिवाय लाल झाली.

दर्शीलच्या आधी मला मुलगी झाली होती. पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी, प्रकाशाला गेले होते. तिला श्वास घ्यायला जड जायचं. बारशाच्या घुगऱ्यांसाठी हरभरे आणून ठेवले होते, ते भिजवायची वेळ आली नाही. निरोप गेला तसे आप्पा जीपने आले. मला बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर येऊ दिलं नाही. खिडकीतून फक्त आप्पांची पाठ दिसली. भरलेलं भांडं सांडू नये तसे ते हळू चालत होते. तापीकडे गेले आणि मोकळ्या हातांनी परत आले. कुठे ठेवलं ते मला कोणी सांगितलं नाही, आणि मी तरी कोणत्या तोंडाने विचारणार. अजून एसटी प्रकाशाच्या पुलावरून जाते तेव्हा मी दोन्ही काठांकडे बघते. कोणता काठ तेच मला माहीत नाही.

नाव माझ्या मनात होतं. पण आत्याने कानात सांगायच्या आधीच ती गेली. जे तिला ऐकूच गेलं नाही ते तिचं नाव कसं म्हणू? म्हणून मी तिथेही 'अज्ञात' लिहिलं. तारखा भरायला बोट उचललं नाही. चौकट काळी झाली, आमच्या दोघांच्या खाली, दर्शीलच्या आधी. तेवढ्यात झोळी हलली आणि मी लॅपटॉप मिटला.

रात्री योगेंद्रचा फोन आला तेव्हा त्याला सांगितलं.  तो म्हणाला, "दर्शीलचा ताप उतरला ना?"

बायकांची नावं सांगायला आप्पांनी सारंगखेड्याहून कौसाबाईंना बोलावून घेतलं. त्या आप्पांच्या सख्ख्या आत्या, म्हणून घरात सगळे आत्याबाईच म्हणतात. दात एकही नाही, पण कान तिखट. आल्या आल्या त्यांनी दर्शीलला उलटा-पालटा करून पाहिलं आणि म्हणाल्या, "नाक बापनं शे. मायनं घेतं ते बरं व्हतं." मग ओट्यावर सुपात लसूण घेऊन सोलत बसल्या.

धर्मेंद्र लॅपटॉप घेऊन शेजारी बसला. फ्लेक्सवाल्याला दाखवायला त्याला सगळं झाड एका पानावर हवं होतं. मी आत चहा टाकत होते. सॉफ्टवेअरने त्याला विचारलं असणार, की 'अज्ञात' नावाची एकच व्यक्ती पुन्हा पुन्हा भरलेली दिसते, एकत्र करायची का. त्याने वाचलं नाही. सगळ्याला 'हो' दाबणं हा त्याचा स्वभाव.

बाहेरून हसण्याचा आवाज आला. "आप्पा, दखा. आपला बठा आज्या-पंज्यासले मियीसन एकच बायको."

"चूप बैस," आप्पा म्हणाले, पण तेही हसत होते.

"हाई बाई भिला पाटीलनी बी, त्यासना बापनी बी. बरीच जगनी." तो रेघेवर बोट फिरवत खाली आला. मी चहाचं ताट घेऊन दारात उभी होते. "आनि इना मायबाप कोन म्हनशात ते..."

त्याचं बोट आमच्या चौकटीवर थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली केलं, उघड्यावरचं कोणी झाकावं तसं.

माझी मुलगी सगळ्या कुळाची आजी होऊन बसली होती.

"काय व्हयनं?" आत्याबाईंनी विचारलं.  चहावर साय धरली तरी ताट माझ्याच हातात होतं.

शेवटी धर्मेंद्रने ते एकत्र केलेलं मागे घेतलं. चौकटी पुन्हा आपापल्या जागी गेल्या. "वहिनी, तुम्हीच बसा," तो हळू आवाजात म्हणाला आणि दर्शीलला कडेवर घेऊन अंगणात गेला. मी बसले. आता सगळ्या अज्ञात वेगळ्या ओळखू यायला हव्यात, नाहीतर सॉफ्टवेअर पुन्हा तेच विचारणार.

"आत्याबाई, भिला पाटलांच्या बायकोला काय म्हणायचे?"

"काय म्हनतीन? वडाळीवाली. आम्हना घरमा बायासनं नाव कोन ले वं? ज्या गावनी उनी ती त्या गाववाली."

"मग तेच लिहू?"

"लिख. तिले हाक मारी ते तीच 'ओ' दे."

मी लिहिलं, वडाळीवाली. तिच्या सासूला तोरखेडावाली. एकेक बाई आपल्या माहेराची होत गेली. एक मंदाणावाली निघाली. तिच्या हातची कढी गावात गाजलेली, आणि तोंडही. "तिले चौकट मोठी दे," आत्याबाई म्हणाल्या, "ल्हानमा ती मावनार नही." मी हसले. आप्पा हसले नाहीत. आम्ही पिढी-पिढीने खाली येत होतो आणि खाली काय आहे ते त्यांना आणि मलाही माहीत होतं.

शेवटी एकच अज्ञात राहिली.

आप्पा खाटेवरून उठले, माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांचा आवाज कडक नव्हता. कडक असता तर बरं झालं असतं.

"ती काढी टाक, बेटा."

माझं बोट त्या चौकटीपर्यंत गेलं.

"लोके इचारतीन. बारसं व्हयेल नही तिले झाडमा कोठे बसाडतस? आपलामा तशी रीत नही. तुलेच तरास व्हई."

मी चौकट निवडली. काढायचं दाबलं. सॉफ्टवेअरने विचारलं, 'ही व्यक्ती कायमची काढून टाकायची आहे का?' मी ते पुटपुटत वाचलं. खाली हो आणि नाही. बोट दोन्हीच्या वर थांबलं. हो म्हणायला मला खरंच जमेना. नाही म्हणायची मला त्या घरात सवय नव्हती.

"भिकन," आत्याबाई म्हणाल्या. लसूण सोलणं चालूच होतं.

"काय, आत्या?"

"तुन्हं नाव कोनी ठेवं?"

"तू ठेवं ना."

"काबरं ठेवं भिकन?"

आप्पांनी टोपी काढून हातात घेतली. आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत असतं, आणि कोणी बोलत नाही. घरात मुलं जगत नसली की पुढच्या मुलासाठी आत्या दारोदार ओंजळभर ज्वारी मागून आणते, त्यातच बाळाला निजवते आणि नाव ठेवते भिका, नाहीतर भिकन. हे आमचं नाही, मागून आणलेलं आहे, याच्यावर डोळा ठेवू नको, असं त्या न्यायला येणाऱ्याला सांगायचं असतं.

"परकर घाले इतली व्हतू मी," आत्याबाई म्हणाल्या. "दारेदार फिरनू तुन्हासाठे. तुन्हा पहिले दोन व्हतात. एक पोऱ्या, एक पोर. दोन्हीसनं बारसं ऱ्हायनं." एक पाकळी सोलून त्यांनी सुपात टाकली. "त्या व्हयनाच नसतात ते मी तुन्हं नाव करणसिंग ठेवनार व्हतू. नक्की करी ठेयेल व्हतं."

आप्पा खाटेच्या कडेला टेकले.

"त्यासले काढी टाकं ते तू तरी भिकन कसा व्हशी?" त्या म्हणाल्या. "जलमभर त्यासनंच नाव ली फिरस तू. आनि त्या पोरले हातभर जागा नही म्हनस."

आप्पांनी टोपी घातली, चप्पल पायात सरकवली आणि शेताकडे निघून गेले. आत्याबाईंनी मला पाहिलं, म्हणाल्या, "तो प्रश्न पुशी ऱ्हायना ना तुले? नही दाब." मी 'नाही' दाबलं.

दिवेलागणीला आप्पा आले. मी ओट्यावर दर्शीलला वरण-भात भरवत होते. ते पायरीवर बसले, माझ्याकडे पाठ करून. तीच पाठ मी खिडकीतून पाहिली होती.

"कोठे ठेवं ते लिखानी जागा शे का तुन्हा त्यामा?"

"आहे आप्पा."

"मंग लिख. परकाशा. पूल उतरीसन डावा काठले, वरला अंगे. इहीरना पुढे एक चिच व्हती, तिना बुडखे." ते थांबले. "दोन दगड ठेयेल व्हतात मी, वळख म्हनीसन."

माझा हात तसाच राहिला. दर्शीलने आ केलेला होता.

"मी जास तठे," आप्पा म्हणाले. "परकाशाले काम ऱ्हायनं का जाईसन येस. तुले कसं सांगू? बॅरेजनं पानी चढी गयं तठे. चिच वाळी गयी. दगड पानीमा. उन्हायामा पानी उतरनं का दिखतीन म्हनीसन दोनदा जाई उनू. नही दिखनात."

इतका काळ मी एकटीच दोन्ही काठ शोधत होते असं मला वाटायचं.

"डावा काठ," मी म्हणाले. 

"डावा," आप्पा म्हणाले. थोड्या वेळाने उठता उठता म्हणाले, "मन्हा पहिले बी दोन चौकटी कर."

दुसऱ्या दिवशी दर्शील झोपल्यावर मी बसले. अज्ञात पुसलं. तिच्याबद्दल मला काय अज्ञात होतं? तिची मूठ, तिच्या कानामागची लव, दूध ओढताना दमून थांबणं, सगळं मला ठाऊक होतं. मी नावाच्या जागी लिहिलं, 'बारसं राहिलेली'. तारखा भरल्या, दोन्ही एकाच महिन्यातल्या. ठिकाण भरलं. मग आप्पांच्या आधी दोन चौकटी केल्या. बारसं राहिलेला. बारसं राहिलेली. चौकट लाल झाली नाही.

जतन करायला गेले तर सॉफ्टवेअरने आपलं जुनंच विचारलं. एका नावाच्या दोन व्यक्ती दिसतात. एकत्र करायच्या का?

पडद्यावर दोघी शेजारी शेजारी आल्या होत्या. आप्पांची बहीण आणि माझी मुलगी. एकीला कुठे ठेवलं ते सांगणारं आता कोणी उरलं नाही, दुसरीवर पाणी आहे.

मी 'नाही' दाबलं. त्याने कारण विचारलं. खाली निवडायला एकच ओळ होती, 'या वेगवेगळ्या व्यक्ती आहेत'. मी तिच्यावर बोट ठेवलं आणि ठेवूनच बसले. झोळीची दोरी दुसऱ्या हातातून केव्हा सुटली कळलं नाही. झोळी थोडा वेळ आपली आपण हलत होती, मग थांबली.