मेहिटाबेलला द्यायचं पत्र

सभा अकराला होती आणि मी साडेनवापासून चर्चच्या पायऱ्या चढत-उतरत होते. काखेत १७४३ सालची नोंदवही. आज दुपारपर्यंत आमची पेल्टन हिलची चर्चमंडळी स्वतःच्याच मतदानाने बंद होणार होती, वह्या बॉस्टनच्या ग्रंथालयात जाणार होत्या, आणि एक काम राहून गेलं होतं. दोनशे ऐंशी वर्षं राहून गेलं होतं.

मी मंडळीची चिटणीस. वह्यांची नक्कल करताना मला मेहिटाबेल पूल सापडली. लग्नानंतर सातव्या महिन्यात बाळंत झालेली. मंडळी म्हणाली, लग्नाआधीचं पाप भर सभेत कबूल कर, मग बाळाला बाप्तिस्मा देऊ. ती म्हणाली, पाप केलंच नाही, बाळ लवकर आलं. तिला सर्वानुमते प्रभुभोजनातून दूर केलं. अकरा दिवसांनी बाळ गेलं, बाप्तिस्म्याविना. पुढे वहीत ती कुठेच नाही. आमच्यावर ना बिशप, ना वरची कचेरी. मंडळीने घातलेली बंदी तीच मंडळी उठवू शकते, तीही सर्वानुमते.

सभाध्यक्ष विन्स्लो पेकला मी दारातच गाठलं. "आधी माझा ठराव घे."

"लोइस, अगं, कधीच मेलीय ती! लोक बीन्स ओव्हनमध्ये ठेवून आलेत."

"करपू देत बीन्स."

आम्ही उरलो होतो दहा जण. मेहिटाबेलवरची बंदी उठवायला हात वर झाले नऊ. दहावा हार्लन स्प्रेग, वय चौऱ्याऐंशी, काठीवर दोन्ही हात ठेवून बसलेला. मेहिटाबेलवर आरोप ठेवणारा डीकन, म्हणजे मंडळीचा कारभारी, त्याचाच पूर्वज.

"आमच्या वाडवडिलांना आता खोटं पाडणार तुम्ही?" तो गुरगुरला. "डीकन स्प्रेग उगाच कुणावर आळ घेणारा माणूस नव्हता."

"बोटांवर महिने मोजले त्यांनी, हार्लन! दुसरं काय केलं?" माझा तोल सुटला. "माझा एमरी सातव्याच महिन्यात झाला. अडतीस दिवस काचेच्या पेटीत होता. माझ्या सासूनेही बोटं मोजली, इथे, ह्याच बाकावर बसून. आणि मी मान खाली घालून गप्प बसले. ही बाई गप्प बसली नाही. तुमची युनिस तेवढी रोज दवाखान्यात यायची माझ्यासाठी."

"माहितेय. बायकोला सोडायला गाडी मीच चालवायचो."

विन्स्लो घड्याळाकडे बघत होता आणि मला त्याचं ते घड्याळ खिडकीबाहेर फेकावंसं वाटत होतं.

"बाळाचं नाव काय होतं?" हार्लनने विचारलं.

"लिहिलेलं नाही. बाप्तिस्मा झाला तरच नाव वहीत चढायचं."

त्याने बराच वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. मग हात वर केला. "घ्या. डीकनला मी वर गेल्यावर समजावतो. मलाही आता फार दिवस उरले नाहीत."

विन्स्लो लगेच बंद करण्याच्या ठरावाकडे वळला. मी ओरडलेच, "थांब!"

मंडळी सोडून जाणाऱ्याला आम्ही एक पत्र देतो, की हा आमचा चांगला सभासद आहे, याला आपल्यात घ्यावं. दहा जणांची दहा पत्रं माझ्या पिशवीत तयार होती. ठराव झाला की मंडळी संपली आणि माझ्या सहीलाही काही अर्थ उरला नाही. मी अकरावा कागद ओढला. घाईत 'पूल' दोनदा लिहावं लागलं. कोणत्या चर्चला द्यायचं, ती जागा कोरी सोडली.

"आता आणखी काय खरडतेस?" विन्स्लो वैतागला.

हार्लन मागून माझ्या खांद्यावर वाकला. डोळे बारीक करून त्याने सगळं वाचलं.

"अपुरं आहे," तो म्हणाला. "नावापुढे लिही, लेकरासह."

मी लिहिलं, सही केली, आणि मगच बंद करण्यासाठी हात वर केला.