हातांना लागलेली बे रम

माझा भाऊ जर्वेस रोझो शहरातल्या इस्पितळात वारला, आणि त्याच्या बायकोला ते कळू द्यायचं नाही असं त्याच्या पोरांनी ठरवलं. पोरं कसली, चाळिशीचे घोडे. लेक मॅरिल रोझोत बँकेत कामाला, लेक इर्विन तिकडे शेजारच्या ग्वादलूप बेटावर हॉटेलात. वहिनीचे डोळे साखरेच्या आजारानं गेलेले, काळीज अधू. डॉक्टर म्हणाले, धक्का सोसणार नाही. झालं, दीडशहाण्यांना तेवढं पुरलं.

"आत्या, तू तोंड उघडायचं नाहीस," मॅरिल मला म्हणाली.

"आणि तिनं विचारलं तर?"

"सांग, डॅडी बरे आहेत. पुढं बघू हळूहळू."

आमच्या गावात माणूस गेला की शंख फुंकतात. तो फुंकू दिला नाही. रेडिओवर रोज मयतांची नावं वाचतात, म्हणून मॅरिलनं रेडिओतले सेल काढून पर्समध्ये टाकले. रस्ता खराब आहे असं निमित्त करून मातीही रोझोतच द्यायची ठरली. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का, असं मी म्हणाले, पण म्हातारीचं कोण ऐकतं. जाताना मॅरिलनं कपाटातली जर्वेसची अंगाला लावायच्या बे रमची बाटली हळूच उचलली, तेव्हा मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता दुकानात मिळते तिला मी बे रम म्हणतच नाही, नुसतं रंगीत पाणी. जर्वेस स्वतः बेच्या झाडाची पानं तांब्याच्या भट्टीत उकळून तेल काढायचा. ते रममध्ये घालून वर लवंगा, संत्र्याची साल आणि सीडरच्या लाकडाची एक ढलपी टाकायचा, आणि वर्षभर मुरवायचा. सकाळी दाढी करून गालाला, मानेला फासली की लवंगेचा असा भपकारा यायचा की शेजारी बसणाऱ्याला शिंक यावी. दुपारपर्यंत लवंग निवायची. संध्याकाळी उरायचा तो कोरड्या लाकडाचा मंद वास, आणि त्यात त्याच्या अंगाचा. वहिनी मला एकदा म्हणाली होती, "सेलेस्टीन, सकाळची लवंग सगळ्या गावाची गं. संध्याकाळचं लाकूड माझं." मी तिची थट्टा केली होती, म्हटलं या वयात शोभतं का तुला. ती लाजली होती.

पण ही रम नुसती मिरवायची नाही. तापात ती अंगाला चोळतात, आणि माणूस गेला की शेवटची आंघोळ घालून डोक्यापासून पायापर्यंत तीच चोळतात. नवरा असेल तर बायकोनं चोळायची. तो मान तिचा, दुसऱ्या कुणाचा नाही. जर्वेसला इस्पितळात न्यायला गाडीत घातलं त्या दिवशी वहिनीनं माझं मनगट धरून सांगितलं होतं, "काही झालंच तर त्याला घरी आणा. डोळे गेलेत माझे, हात आहेत." तिला एवढंच हवं होतं.

मातीच्या दिवशी संध्याकाळी इर्विन जीपनं आला. मी नीरफणस भाजत होते. तो सरळ आईच्या खाटेपाशी गेला.

"मम्मा, कशी आहेस?"

"आलास? डॅडीला भेटून आलास?"

"हो. बरे आहेत. झोपले होते."

वहिनीनं हात पुढं केले. त्यानं आपले हात तिच्या हातांत दिले. तिनं ते नाकाशी नेले आणि तशीच थांबली. मग त्याला जवळ ओढून त्याची मान हुंगली, गाल हुंगले. इर्विनला बे रमचा तिटकारा, म्हाताऱ्यांचा वास म्हणायचा. अंगावर नेहमी फ्रेंच अत्तर.

"मानेला नाही," वहिनी म्हणाली. "गालाला नाही. नुसते हात." तिचा आवाज चढला नाही. "कुणाला चोळलीस रे?"

इर्विन माझ्याकडे बघायला लागला. मी मान फिरवली. आम्ही शंख थांबवला, रेडिओ मुका केला, सगळ्या गावाला गप्प बसवलं, आणि या गाढवाच्या हातांचा विचार कुणाच्याच डोक्यात आला नाही.

"ताप होता, मम्मा. ताप उतरावा म्हणून..."

"इस्पितळात चोळू देतात होय? घरी कधी आणणार त्याला?"

तो गुडघ्यांवर बसला. "दुपारी माती दिली, मम्मा. रोझोतच."

मला वाटलं, आता ही जाते. मी भाजता फणस तसाच टाकून धावले. पण तिचं काळीज थांबलं नाही. तसं थांबलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, हे मला तिच्या तोंडावर दिसलं.

"माझं काम होतं ते," ती म्हणाली. "पन्नास वर्षं मी त्याचं आंघोळीचं पाणी काढलं, कपडे काढून ठेवले. शेवटचं एक काम, तेही मला करू दिलं नाहीत."

"तुला सोसलं नसतं, मम्मा..."

"हे सोसतंय वाटतं?"

त्यानं हात सोडवायचा प्रयत्न केला, तर तिनं ते घट्ट धरले. "हात धुवायचे नाहीत. सेलेस्टीन, याला तू भरव."

मी भरवलं. चाळिशीच्या घोड्याला खारा मासा आणि अळकुड्यांचे घास भरवले. वहिनी त्याचे हात मांडीवर घेऊन एकेक विचारत होती. कपाळ केलंस? केलं. छाती? केली. पाठ कुणी उचलून धरली? मॅरिलनं. अंग गार होतं? खूप गार होतं, मम्मा.

"आणि टाचा?"

इर्विननं हात मागं ओढून बघितले.

"टाचा चोळल्यास का?"

"मोजे घातले होते इस्पितळवाल्यांनी आधीच. राहिल्या."

मला वाटलं, आता हिचा बांध फुटणार.

"भेगा होत्या त्याच्या टाचांना," ती म्हणाली. "तिथं झोंबते रे. चोळताना फुंकर घालावी लागते."

आणि तिनं इर्विनचे तळवे तोंडापाशी नेले आणि त्यांच्यावर हळूहळू फुंकर घालायला लागली. तो हमसून हमसून रडत होता, मीही रडत होते, आणि ती आपली फुंकर घालतच होती.