पाणीखात्याच्या साहेबांचा वर्ग

माझा धाकटा भाऊ मगानिझो जिल्ह्याच्या पाणीखात्यात साहेब आहे, म्हणजे बारा महिने विमानात असतो. मी शिकवते त्या शाळेचा हातपंप पाच महिने बंद. दुरुस्तीच्या कागदावर त्याची सही हवी, आणि साहेब कायम पाण्याच्या परिषदेला! तोवर आठवीच्या मुली पहिले दोन तास बुडवून नदीवरून बादल्या वाहतात. त्यात माझी लेक टियामिकेही. परीक्षा दोन महिन्यांवर आली. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

शेवटी मीच त्याला गोड बोलून बोलावलं. "ये बाबा, मुलांना जगातल्या संस्था शिकव."

आला की! पोतंभर वस्तू घेऊन.

"ही टोपी आदिस अबाबाची. तिथं आफ्रिकेतले सगळे देश एकत्र बसतात. ही पिशवी जिनिव्हाची, तिथं जगाच्या आरोग्याचं ऑफिस. हा मग न्यूयॉर्कचा, संयुक्त राष्ट्रांचा."

"तिथं काय करतात, साहेब?" एका मुलीनं विचारलं.

"ठराव."

"मग?"

"मग जेवण."

पोरं खिदळली. याला वाटलं, वर्ग रंगलाय. गळ्यात अडकवायचे बिल्लेच बावीस निघाले.

तेवढ्यात मी हजेरीचा कागद फिरवला. आमच्याकडच्या बैठकबाजांची एक खोड आहे: हजेरी समोर आली की तोंडानं भाषण चालू आणि हातानं सही. सही नाही तर भत्ता नाही ना! यानं पहिल्या कागदावर सही ठोकली, खालच्यावरही ठोकली.

"ताई, जेवण कधी?"

"आधी खालचा कागद वाच."

वाचला. तोंड एवढंसं झालं. "हा पंपाचा कागद! ही शुद्ध फसवणूक आहे!"

"पाच महिने तुझ्या दारात खेटे घालतेय, मेल्या, तेव्हा काय झालं होतं?"

त्यानं हात पुढे केला, पण टियामिकेनं कागद टेबलावरून उचलून छातीशी धरला होता. "मामा, सही तुमचीच आहे ना?"

चाळीस पोरं टक लावून बघत होती. मामानं हात मागे घेतला.

चौथ्या दिवशी पंप सुरू झाला. पाचव्या दिवशी सकाळीच साहेब फोटोग्राफर घेऊन हजर! पुढच्या परिषदेत दाखवायला पंपापाशी बादली घेतलेल्या चार मुली हव्या होत्या.

एकही मिळाली नाही. सगळ्या वर्गात होत्या.